जुना स्टाफ नंबर मागा

ताई, नमस्कार.

वय 36, विमानकंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. साडेचार हजार तास झालेत, एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स) आहे. 2016च्या जानेवारीत पहिली नोकरी लागली. एप्रिल 2020मध्ये आम्हा बऱ्याच जणांना तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर पाठवलं. तीन महिने संपायच्या आदल्या संध्याकाळी मेल यायचा, आणखी तीन महिने. असं चौदा महिने चाललं. जून 2021मध्ये मी राजीनामा दिला. तेव्हा घर बायकोच्या शाळेतल्या पगारावर चाललं. मी सीपीएलची, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सची, तयारी करणाऱ्या मुलांचे ऑनलाइन क्लास घ्यायचो. कॉकपिटचं पोस्टर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, रोज त्याच्यासमोर बसून चेकलिस्ट म्हणायचो.

2022पासून दुसऱ्या कंपनीत आहे, वेगळ्या विमानावर. बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, हैदराबाद. पाच वर्षांचा बाँड, आधी सोडलं तर पैसे भरायचे, त्यातलं वर्षभर बाकी. कमांडला, म्हणजे कॅप्टन व्हायला, अजून दीड-दोन वर्षं लागतील. गेल्या महिन्यात जुन्या कंपनीच्या चीफ पायलटचा फोन आला, “घरी परत ये. सहा महिन्यांत कमांड, बेस मुंबई, सेवेची कंटिन्युइटी देऊ, बाँडचं आम्ही बघतो.” मागोमाग एचआरचं दोन पानी पत्र आलं. मुलगी पहिलीत आहे. बायको म्हणते, ये. बाबा म्हणतात, ज्यांनी बाहेर काढलं त्यांच्या ओसरीवर पुन्हा बसायला जाणार? त्या कंपनीनं माझा हिशेब अजून पुरता केलेला नाही, ग्रॅच्युइटी तर दिलीच नाही. अमेरिकेत फर्लो झालेले (तात्पुरते घरी बसवलेले) पायलट बोलावणं आलं की जुन्या कंपनीत जातात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. मग मलाच एवढं जड का जातंय?

अधांतरी, डोंबिवली

*

अधांतरी, नमस्कार.

कंपन्यांची नावं आणि विमानांचे प्रकार तुमच्या पत्रातून मी काढून टाकले आहेत. आपल्याकडे हे क्षेत्र एवढंसं आहे की विमानाचा प्रकार आणि बेस सांगितला तरी माणूस ओळखू येतो. मी स्वतः विमान कधी चालवलं नाही. पण पंचवीस वर्षं क्रू शेड्युलिंगच्या टेबलावर काढली, सांताक्रूझला, पावसाळ्यात गळणाऱ्या खोलीत. कुणाला बोलवायचं, कुणाला नाही, याच्या याद्या माझ्याच हातून जायच्या. त्यामुळे तुम्हाला आलेला फोन पलीकडून कसा लागतो ते मी पाहिलेलं आहे.

आधी उत्तर देते. आज हातात असलेल्या पत्रावर जाऊ नका. पण बाबा म्हणतात त्या कारणासाठी मात्र नव्हे.

बाबांचं दुखणं खरं आहे. मुलगा वर्षभर कपाटासमोर बसून चेकलिस्ट म्हणतोय हे ज्यांनी पाहिलं, त्यांना त्या कंपनीचं नाव ऐकून चीड येणारच. तरी विमानकंपनीशी रुसून फायदा नाही. ज्यानं तुम्हाला रजेवर पाठवलं तो माणूस बहुधा आज तिथं नाहीच. चीफ पायलट बदलले असतील, एचआर तर दोनदा बदललं असेल. आणि फोन करणाऱ्याला तुमची आठवण येऊन फोन केलेला नसतो. यादीत पहिली चाळणी असते ती लायसन्सवर आपल्या विमानाचं रेटिंग (ते विमान उडवायची परवानगी) कुणाचं आहे याची. कोऱ्या मुलाला त्या विमानावर आणायचं तर टाइप रेटिंग, त्याचा खर्च, त्याचे महिने. तुमचं रेटिंग आधीचं आहे, ते ताजं करून घेतलं की काम भागतं. शिवाय साडेचार हजार तास आणि एटीपीएल. तुम्ही त्यांना स्वस्तात पडता. यात अपमान वाटून घेऊ नका, पण “घरी परत ये” ऐकून डोळेही भरून येऊ देऊ नका. ही किंमत लक्षात ठेवून बोलायला बसा.

आता अमेरिकेचं. तिथल्या ज्या पायलटांबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यांच्या मोठ्या कंपन्यांत सगळं एका ज्येष्ठता-यादीवर चालतं. रुजू झालात की त्या यादीत तुमचा नंबर लागतो. विमान कुठलं, बेस कुठला, सुट्टी कधी, कमांड केव्हा, सगळं त्या नंबरावर. फर्लो करायची वेळ आली की यादीच्या तळापासून माणसं काढतात, आणि बोलावताना उलट्या क्रमानं, वर असलेल्याला आधी. हा क्रम युनियनच्या करारात लिहिलेला असतो, साहेबाच्या मर्जीवर नसतो. 11 सप्टेंबर 2001नंतर हजारो पायलट असे घरी बसले आणि काहींना परत जायला कित्येक वर्षं लागली. मधल्या काळात दुसरीकडे नोकरी मागायला गेले तर काही ठिकाणी अट असायची की जुन्या कंपनीतला परतीचा हक्क सोडल्याचं लिहून द्या, मग घेतो. कारण नव्या मालकालाही ठाऊक, हा नंबर बोलावेल तेव्हा माणूस उठून जाणार. कोविडमध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं 1 ऑक्टोबर 2020ला सुमारे 1,600 पायलट फर्लो केले. डिसेंबरात सरकारी मदतीचा पुढचा हप्ता मंजूर झाला, त्यात अटच होती की काढलेल्यांना परत घ्या.

तो माणूस परत जातो तेव्हा स्वतःच्या जागेवर जाऊन बसतो. त्याचा नंबर तिथं असतो. तुमची बिनपगारी रजा फर्लोसारखी दिसत होती, पण तिच्या शेवटी कुठला नंबर राखून ठेवलेला नव्हता. होती ती दर तीन महिन्यांनी येणारी मेल. जड जातंय ते त्यामुळे. तुम्हाला “परत या” म्हणतायत, पण कुठल्या जागेवर परत, ते कुणी सांगत नाहीये.

म्हणून एचआरला पहिला प्रश्न विचारायचा तो पगाराचा नको. विचारा, माझा स्टाफ नंबर जुनाच राहणार की नवा देणार?

हसू नका. ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. 2003 ते 2006 या तीन वर्षांत आपल्याकडे एकामागून एक नव्या कंपन्या उडायला लागल्या, डेक्कन, स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, इंडिगो. पायलट मिळेनात. आमच्या कंपनीनं जुन्यांना फोन लावायला सुरुवात केली. त्यात एक कॅप्टन होते, मितभाषी, कोकणातले, मंदीच्या काळात बाहेर पडलेले. ते आले. पगार चांगला मिळाला, पेढे वाटले. त्यांचा पहिला स्टाफ नंबर तीन आकडी होता, आता मिळाला चार आकडी, सातानं सुरू होणारा. कुणी लक्ष दिलं नाही, त्यांनीही नाही. मग ऑगस्ट आला. गणपतीच्या रजेचे अर्ज माझ्या टेबलावर. आमच्याकडे रजा स्टाफ नंबरच्या क्रमानं लागायची, लहान नंबर आधी. त्यांचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला, ज्या मुलाला त्यांनी लाइन ट्रेनिंग (प्रत्यक्ष प्रवासी फ्लाइटवरचं शिक्षण) दिलं होतं त्याच्याही खाली. गणेश चतुर्थीला ते सकाळी गुवाहाटीचं सेक्टर करत होते. मीच ते रोस्टर काढलं होतं. फोन करून म्हटलं, “सर, माझ्या हातात नाही.” ते म्हणाले, “माहीत आहे हो, तुमचा काय दोष.” पुढच्या वर्षी ट्रेनर नेमायची वेळ आली, मग मोठ्या विमानावर जायची. प्रत्येक वेळी तो सातानं सुरू होणारा नंबर आडवा आला.

तुमच्या बाबतीत या नंबरामागे रोख रक्कमही आहे. तुम्ही लिहिलंय, ग्रॅच्युइटी दिली नाही. का, ते लिहिलं नाहीत, पण माझा अंदाज आहे. जानेवारी 2016 ते जून 2021 म्हणजे पाच वर्षं पाच-सहा महिने. त्यातून बिनपगारी रजेचे चौदा महिने वजा केले की उरतात सव्वाचार वर्षं, आणि ग्रॅच्युइटीला पाच लागतात. बहुधा असंच गणित करून तुमची फाइल बंद केली असावी. तुम्ही राजीनामा दिलात तेव्हा 1972चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. त्यात सलग सेवेची व्याख्या होती, तिच्यात रजेनं आणि लेऑफनं सेवा तुटत नव्हती. रजेवर त्यांनीच पाठवलं होतं, तुम्ही पळून गेला नव्हता. डोंबिवली-ठाण्यात कामगार कायद्याचे वकील भरपूर आहेत, एकाला ती रजेची सगळी पत्रं दाखवा. ग्रॅच्युइटी वेळेत दिली नाही तर तिच्यावर व्याज लागतं, तेही विचारा.

आणि इथं मजा बघा. आता ते तुम्हाला “कंटिन्युइटी देऊ” म्हणतात ना? मग लिहून द्या म्हणावं, रुजू तारीख जानेवारी 2016. ज्या क्षणी ते हे लिहितील, त्या क्षणी ते चौदा महिनेही सेवेत धरल्याचं कबूल करतील. नाही लिहिलं, तर कंटिन्युइटी हा शब्द फोनपुरताच होता हे तुम्हाला फुकटात कळेल.

सहा महिन्यांतली कमांड. हे वाक्य वाचून मी पेन घेऊन बसले. तुम्ही आत्ता को-पायलट आहात. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या 2017च्या नियमानं तुमची नोटीस सहा महिन्यांची. चालू कंपनीनं लवकर सोडलं आणि एनओसी (ना-हरकत पत्र) दिली तर गोष्ट वेगळी, पण आज पायलट कुणी लवकर सोडत नाही. म्हणजे रुजू व्हायलाच अर्धं वर्ष. जुन्या विमानाला तुम्ही मार्च 2020नंतर हात लावलेला नाही. ग्राउंड रिफ्रेशर, सिम (सिम्युलेटर), चेक, मग लाइन ट्रेनिंग आणि रिलीज, म्हणजे ट्रेनरशिवाय उडायची मोकळीक. सिमचा स्लॉट, एक्झामिनर, ट्रेनर यांतलं काही ना काही नेहमी अडकतं. मी या तीन रांगा वर्षानुवर्षं सांभाळल्या आहेत, सगळं कधीच एका दिवशी मोकळं नसतं. त्यानंतर कमांडसाठी त्या प्रकारच्या विमानावर किती तास हवेत, हे प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. सहा वर्षांपूर्वीचे तास त्यात धरणार का? आणि सहा महिने कुठल्या तारखेपासून? ऑफर लेटरपासून, रुजू झाल्यापासून की लाइनवर सुटल्यापासून? माझ्या हिशेबानं सगळं सुरळीत झालं तरी आजपासून दीड वर्ष. तेवढ्याच वेळात चालू कंपनीत तुमची कमांड येणार आहे, असं तुम्हीच लिहिलंय.

दरम्यानच्या ट्रेनिंगच्या महिन्यांत पगार कुठला, पूर्ण, अर्धा की नुसता स्टायपेंड? दोन पानी पत्रात याचा उल्लेख नसेल. मी पैज लावते.

कमांडबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, ती तुमच्या डोक्यात आली नसावी. तोच 2017चा नियम कमांडरला एक वर्षाची नोटीस लावतो. आज तुम्ही सहा महिन्यांत सुटू शकता. त्यांनी कॅप्टनच्या चार पट्ट्या दिल्या की सुटायला वर्ष लागेल. कंपनी भक्कम असेल तर याची फिकीर नाही. पण जिनं एकदा चौदा महिने पगार थांबवला होता, तिथं वर्षभराची साखळी पायात घालून घ्यायची का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. नियमात सोय आहे, पगार किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या करून ठेवल्या तर मुदतीआधी सोडण्याची मागणी करता येते. पण मागणी आणि सुटका यांच्यामध्ये कंपनीचं पत्र, डीजीसीए, वकील असं सगळं येतं. 2023मध्ये आकासा एअरचे 43 पायलट नोटीस पुरी न करता गेले तर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. त्या वादात कोण बरोबर यात मी पडत नाही. नुसतं उठून जाता येत नाही, एवढंच तुम्हाला दाखवायचं होतं. तुमचंही तेच आहे, आत्ताच्या कंपनीला हातात राजीनामा दिल्याशिवाय हैदराबाद सोडायचा विचारही नको.

बाँडचं “आम्ही बघतो” म्हणजे काय? वर्षभराचा उरलेला बाँड, त्याचे तुम्ही सही करून दिलेले पुढच्या तारखांचे चेक. ते चेक बँकेत पडतील तेव्हा खातं तुमचं असेल, चीफ पायलटचं नाही. रक्कम आकड्यात, कोण भरणार, कधी, तुमच्या खात्यात की थेट त्या कंपनीला, आणि त्यांनी भरल्यावर त्याचा नवा बाँड तुमच्या गळ्यात पडणार का. हा शेवटचा भाग कुणी आपणहून सांगत नाही. दुसऱ्यानं फेडलेल्या बाँडवर आयकर लागू शकतो, सीएला आधी विचारा.

आता कंपनीची तब्येत. इथं मी जरा कडक बोलणार आहे, कारण गेल्या पंधरा वर्षांत या शहरात मी तीन विमानकंपन्या बंद पडताना पाहिल्या. किंगफिशर 2012च्या ऑक्टोबरात. जेटचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. पुढं जेट पुन्हा उभी करायची योजना झाली, 2022मध्ये परवानाही पुन्हा मिळाला, माणसं घेतली. जुनी माणसं गहिवरून गेली, माझ्या ओळखीत होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काहींचा पगार कापला, काहींना बिनपगारी रजा. 7 नोव्हेंबर 2024ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. एकही प्रवासी फ्लाइट झाली नाही.

गो फर्स्टची विमानं 3 मे 2023ला थांबली. महिन्याभरात पायलटांना पत्र आलं, थांबाल तर कॅप्टनला महिना 1 लाख आणि फर्स्ट ऑफिसरला 50 हजार जास्त देऊ. राजीनामा दिलेल्यांनाही सांगितलं, 15 जूनपर्यंत मागे घ्या, तुम्हालाही देऊ. माझ्या शेजारच्या इमारतीतला एक मुलगा ते पत्र घेऊन माझ्याकडे आला होता. मी त्याला एकच विचारलं, मागच्या महिन्याचा पगार आला का? तो गप्प बसला, मग म्हणाला, “ताई, आकडा बघा ना पण.” आकडा खरंच चांगला होता. ती कंपनी पुन्हा उडाली नाही, 2025च्या जानेवारीत तिच्याही लिक्विडेशनचा आदेश निघाला.

तुमची जुनी कंपनी या रांगेत बसते असं मी म्हणत नाही. तिची विमानं उडतायत, आणि कोविडमध्ये बिनपगारी रजा चांगल्या-चांगल्या कंपन्यांनी दिल्या होत्या. पण पुढचं पॅकेज किती मोठं, यापेक्षा मागचं देणं फिटलं का, हे बघून मला कंपनी लवकर कळते. ज्यांच्याकडे तुमची कमांड, तुमचा बाँड आणि मुंबई बेस देण्याइतके पैसे आहेत, त्यांच्याकडे पाच वर्षांपूर्वीचा तुमचा हिशेब चुकता करायलाही असायला हवेत. तो कधी देणार विचारलंत की बहुधा उत्तर येईल, “रुजू झाल्यावर हप्त्याहप्त्यानं.” हे ऐकलंत की समजा, तुमचेच पैसे तुम्हाला आमिष म्हणून दाखवतायत. थकबाकी आधी खात्यात, मग राजीनामा हैदराबादेत. हा क्रम उलटा करू नका. राजीनामा मागे घेणं आपल्याकडे किती कठीण आहे ते एअर इंडियाच्या पायलटांना विचारा. त्यांनी राजीनामे दिले, मागे घेतले, तरी ऑगस्ट 2020मध्ये कंपनीनं चाळीसहून जास्त जणांना काढलं. दिल्ली उच्च न्यायालयानं जून 2021मध्ये त्यांना परत घ्यायला सांगितलं, पण मधले महिने कोर्टाच्या तारखांत गेले.

आजच रात्री एक काम करा. लॅपटॉप उघडा, 2019-20 आणि 2020-21चा 26एएस (कापलेल्या कराची सरकारी नोंद) काढा, आणि पीएफचं पासबुक. तुमच्या पगारातून कापलेला कर सरकारकडे भरला होता का, पीएफचे दोन्ही भाग महिन्याच्या महिन्याला जमा होते का. पगारस्लिपवर कापलेलं दिसतं आणि पासबुकात महिना रिकामा असतो, असे नमुने मी पाहिले आहेत. रिकामा महिना दिसला तर तो ग्रॅच्युइटीच्याच पत्रात लिहा.

आता बायकोचं म्हणणं. तुमच्या पत्रात तिच्या वाट्याला दोन शब्द आले आहेत, “म्हणते, ये”. चौदा महिने घर जिनं चालवलं तिचा निवाडा दोन शब्दांत उरकायचा नसतो, असं मला वाटलं. ती कंपनी निवडत नाहीये, ती तुम्हाला डोंबिवलीत मागतेय. मुलगी पहिलीत आहे, तुम्ही हैदराबादहून स्टँडबाय तिकिटावर सीट मिळाली तर येता, नाही मिळाली तर नाही. हा प्रश्न खरा आहे आणि तो आत्ताच्या कंपनीतही सुटू शकतो. आणि आज सुटण्याची शक्यता गेल्या दहा वर्षांत नव्हती एवढी आहे. पायलटांच्या ड्युटीचे नवे नियम आले, आठवड्याची सलग विश्रांती 36वरून 48 तास झाली, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोनवर आल्या. त्याच रोस्टरला आता जास्त माणसं लागतात. डिसेंबर 2025मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली तेव्हा अख्ख्या देशानं ते पाहिलं. नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तिथं क्रू लागणार. डोंबिवलीहून पाम बीच रोड पकडला तर सांताक्रूझपेक्षा तो बरा पडेल की नाही, ते तुम्ही बघा. मला त्या कल्याण-शीळ रस्त्याचा भरवसा नाही.

तर हैदराबादच्या बेस मॅनेजरला भेटा. दुसरीकडची ऑफर खिशात आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं नसतं, तिसऱ्या-चौथ्यात सांगितलं तरी पोचतं. मुंबई किंवा नवी मुंबई बेस लेखी मागा, आणि कमांडच्या रांगेत आज कितवा आहात तो आकडा मागा. “दीड-दोन वर्षं” हा आकडा नाही. तुमच्या पुढं किती जण आहेत, आणि गेल्या वर्षी किती जणांची कमांड झाली, एवढं कळलं की भागाकार तुम्हालाही येतो.

परतणं मुळातच चूक, असं माझं मत नाही. माझ्या कॅप्टनसाहेबांनीही शेवटपर्यंत तिथंच नोकरी केली, साठाव्या वर्षी हार घालून निरोप घेतला. एकदा मी त्यांना विचारलं होतं, पश्चात्ताप होतो का. म्हणाले, “नाही. पण त्या दिवशी सही करताना नंबर वाचायला हवा होता.”

जुन्या कंपनीला मेल लिहा. फोन नको, व्हॉट्सॲप तर नकोच. इंग्रजीत, दहा ओळींत. आभार माना, मग विचारा: स्टाफ नंबर आणि रुजू तारीख कुठली, थकबाकी आणि ग्रॅच्युइटी व्याजासह कुठल्या तारखेला जमा, बाँडची रक्कम कोण, कधी, कुणाला, ट्रेनिंगमधला पगार, आणि “सहा महिने” कधीपासून मोजायचे, ते न पाळल्यास काय. चीफ पायलटला सीसी करा, फोन त्यानं केला होता. मग पंधरा दिवस वाट बघा. पंधराव्या दिवशी त्याच चीफ पायलटचा पुन्हा फोन येईल आणि तो म्हणेल, “अरे, एवढं लिहायची काय गरज होती, आपल्यातच तर आहे.”

आला की मला कळवा. आणि बाबांना सांगा, ग्रॅच्युइटीचा अर्ज त्यांनी वाचून द्यावा. असल्या कामात नाराज माणसाची नजर फार तीक्ष्ण असते.

ताई